गाडी हुकली पाहिजे

पोस्ट लांब आहे. ज्यांना गेममधलं काही कळत नाही त्यांनीही वाचावी, कारण विषय शेवटी एसटी स्टँडचा आहे आणि स्टँड आपल्या सगळ्यांनाच कळतो.

परवा एका कॉलेजात मुलांनी बनवलेले कॉम्प्युटर गेम बघायला बोलावलं होतं, परीक्षक म्हणून. मी या क्षेत्रातला तज्ज्ञ वगैरे नाही. पंचवीस वर्षं गेम खेळतोय आणि दर रविवारी सोसायटीतली पोरं जमवून कागद, पेन्सिल, फासे घेऊन रोलप्लेइंग गेम खेळवतो, एवढीच माझी पात्रता. (रोलप्लेइंग म्हणजे आपण एक पात्र व्हायचं आणि त्याच्या जागी आपण काय केलं असतं ते ठरवत गोष्ट पुढे न्यायची. कॉम्प्युटरवर असो नाहीतर चटईवर बसून, तत्त्व तेच.)

एका गटाचा गेम बघून मी खूश झालो. गोष्ट आपल्याकडचीच. खोऱ्यातल्या गावातला एक तरुण सातबाऱ्यावर वडिलांचं नाव चुकलंय म्हणून तालुक्याला खेटे घालतोय. तलाठी आहे, तहसील आहे, झेरॉक्सवाला आहे. आणि त्यातला स्टँड! काय काढला होता! फलाटाचे आकडे, चौकशीची खिडकी, गरगर आवाज करणारा पंखा, बाहेर रसवंती, बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपलेला म्हातारा. मी गेमच्या आतच पाच मिनिटं नुसता फिरत राहिलो. मग गाडीवर क्लिक केलं. स्क्रीन लुकलुकली आणि मी गावात.

म्हटलं, हे काय? गाडी कुठाय?

गटातला पोरगा म्हणाला, "सर, गाडीची वाट बघायला लावली तर मजा जाते ना. कोण खेळेल मग?" त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी मान डोलावली आणि "युझर एक्स्पीरियन्स" हे दोन शब्द टाकले. हे शब्द टाकले की आजकाल चर्चा संपते.

दुसऱ्या गटाने बरोबर उलटं केलं होतं. त्यांच्या गेममध्ये गाडी खरोखर चाळीस मिनिटांनी येते. गेममधली चाळीस नव्हे, घड्याळातली. "ग्रामीण भागातलं वास्तव दाखवलंय सर." मी दहा मिनिटं रिकाम्या थांब्याकडे बघत बसलो, मग उठून बाहेर गेलो. तिथे गप्पांत वेळ गेला, चहा घेऊन परत आलो तर गाडी येऊन गेलेली. खरं सांगतो, त्या गेममध्ये मला काहीतरी वाटलं ते फक्त त्या क्षणी. अरे, हुकली!

तिथेच डोक्यात प्रकाश पडला आणि तिथूनच वाद सुरू झाला. माझ्याबरोबरचे परीक्षक समजूतदार गृहस्थ. ते म्हणाले, "मधला मार्ग काढा. वीस मिनिटं ठेवा. थोडं वास्तव, थोडी मजा." मी म्हटलं, हा मधला मार्ग नाही, ही दोन्हीकडची चूक निम्मी निम्मी आहे. आवाज जरा चढला माझा, ते मान्य करतो. पण मुद्दा सोडणार नाही, म्हणून ही पोस्ट.

वास्तव एका पारड्यात आणि मजा दुसऱ्या पारड्यात, एक वर गेलं की दुसरं खाली, असं धरून चालतात सगळे. हे गृहीतकच चूक आहे. एसटीचं वास्तव म्हणजे थांब्यावर घालवलेली मिनिटं नव्हेत. गाडी आपल्या मालकीची नाही, हे एसटीचं वास्तव. तिची वेळ तिची, रस्ता तिचा. आत आणखी पन्नास माणसं आहेत, ती आपण निवडलेली नाहीत. आणि दिवसाला एक गाडी शेवटची असते. यातलं एक जरी गेममध्ये असेल तर वाट बघण्याचं एक सेकंदही नको. आणि यातलं काहीच नसेल तर चाळीस मिनिटं ठेवा नाहीतर चारशे, नुसती शिक्षा आहे ती.

हे मी मनचं सांगत नाही. 2002 साली आलेला 'मॉरोविंड' ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे. त्यात सुरुवातीच्या गावाबाहेर एक अजस्र किडा उभा असतो, सिल्ट स्ट्रायडर. पाय ताडमाड उंच, पाठीचं कवच कोरून बसायला जागा केलेली, आणि चालक त्याच्या उघड्या अवयवांना हात घालून त्याला चालवतो. बघून किळस येते. पण ती त्या प्रदेशाची एसटी आहे. पैसे द्यायचे, बसायचं, पडदा काळा होतो, उजेड येतो तेव्हा तुम्ही दुसऱ्या गावात आणि गेममधले काही तास उलटलेले. तुमचा, म्हणजे खुर्चीत बसलेल्या तुमचा, एक क्षणही गेलेला नाही.

मग वास्तव कुठाय यात? ते असं, की हा किडा कुठूनही कुठेही जात नाही. प्रत्येक ठाण्यावरून ठरावीक तीन-चार गावं. त्यापुढे जायचं तर दुसरा किडा पकडा. पूर्वेच्या बेटांकडे किडा जातच नाही, तिथे होडी. काही शहरांत जादूगारांच्या संघाची एकमेकांकडे पाठवायची सोय, ती वेगळीच. नकाशावर बोट ठेवून पोचता येत नाही. चालकाला विचारावं लागतं, बाबा रे, तू कुठं कुठं जातोस? आपण हेळवाकला उतरून चिपळूणची गाडी बघायची की सरळ कराडहून बसायचं, हा जो हिशोब करतो, तोच. महिनाभर खेळलं की तो प्रदेश पायाखालचा होतो. वीस वर्षांनंतरही मला कुठून कुठे किडा जातो ते आठवतं. पुण्यात आठ वर्षं काढली, तिथले बसमार्ग मला तेवढे आठवत नाहीत.

त्याच मालिकेतला पुढचा गेम 2006 चा, 'ऑब्लिव्हियन'. त्यात सगळी मोठी शहरं नकाशावर आधीपासूनच उघडी. बोट ठेवा, पोचा. याला फास्ट ट्रॅव्हल म्हणतात. 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये शहराबाहेर घोडागाडी उभी केली, गाडीवान ठेवला, भाडं ठेवलं. पण एकदा गाव बघितलं की तिथेही नकाशावर बोट ठेवून जाता येतं, त्यामुळे गाडीवान बिचारा शोभेला. मला स्कायरिम आवडतो, शेकडो तास खेळलोय. पण त्यातले रस्ते मला येत नाहीत. दोन्हीकडे प्रवास तेवढाच झटपट होता, बरं का. वेळ कुठेच गेली नाही. गेलं ते बंधन, आणि त्याच्याबरोबर तो प्रदेश ओळखीचा होणं.

नुसतं थांबवण्याची चेष्टा तर गेमवाल्यांनी स्वतःच करून ठेवलीय. 1995 च्या आसपास पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगार जोडीने 'डेझर्ट बस' नावाचा प्रकार बनवला होता. टुसॉन ते लास वेगास, वाळवंटातला सरळ रस्ता, खऱ्या वेळेत आठ तास. बसमध्ये प्रवासी नाहीत. बस सारखी उजवीकडे ओढते, त्यामुळे स्टिअरिंग सोडून झोपताही येत नाही. पोचलात की गुण मिळतो, एक. हा विनोद होता. आमच्या त्या दुसऱ्या गटाने तो गंभीरपणे केला, एवढाच फरक.

पण खरा राग मला पहिल्या गटाच्या बाजूचा आहे, कारण आज जगभर तीच बाजू जिंकलेली आहे. गेममधल्या मोटारीकडे कोणी वास्तव मागतं का बघा. पेट्रोल संपत नाही. पार्किंग शोधावं लागत नाही. टोल नाही, घाटात ट्रकमागे अडकणं नाही. ठोकली तर दुसरी घ्या. 'जीटीए फाइव्ह'मध्ये एवढं मोठं शहर उभं केलं, रस्त्यावर बस फिरतात, त्या चोरून चालवता येतात. तिकीट काढून प्रवासी म्हणून बसता येत नाही! मोटारीची सगळी कटकट काढली की तिला मजा म्हणतात, आणि बसची कटकट काढायची वेळ आली की बसच काढून टाकतात. असं का? माझं उत्तर सरळ आहे. मजा कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्याच्या खिशात किल्ली असते.

'सायबरपंक 2077' चं उदाहरण यात फार बोलकं आहे. 2018 च्या ट्रेलरमध्ये मेट्रो दाखवली. डिसेंबर 2020 मध्ये गेम आला, तर मेट्रोची स्टेशनं आहेत, डोक्यावरून रूळ गेलेत, पण बसायला गाडी नाही. स्टेशन म्हणजे फक्त क्लिक करून दुसरीकडे पोचायची जागा. लोक चिडले. खेळणाऱ्यांपैकीच कोणीतरी घरबसल्या मॉड करून मेट्रो चालू केली, म्हणजे कंपनीने जे टाळलं ते प्रवाशांनी स्वतः केलं. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये कंपनीने अपडेट काढलं, पाच मार्ग आणि 19 स्टेशनं, चालती गाडी. बसा, उभे राहा, खिडकीतून शहर बघा, किंवा नको असेल तर सरळ पुढच्या स्टेशनवर उतरा.

आता सांगा, त्या मेट्रोचा खेळात फायदा काय? काहीच नाही. कोपऱ्यावर तुमची स्वतःची गाडी हजर असते. तरी लोकांना ती तीन वर्षं हवी होती. "कोण खेळेल?" म्हणणाऱ्यांना याचं उत्तर देता येत नाही. माझी तक्रार उलट आहे: मेट्रो दिली, पण तिची गरज कुठेच ठेवली नाही. रात्री शेवटची गाडी गेली आणि आता या वस्तीतून चालत जावं लागणार, असं एकदा तरी होऊ द्यायचं होतं.

आणि ज्यांना हे बरोबर जमलं त्यांनी किती थोडक्यात केलं बघा. 'पर्सोना फाइव्ह', जपानी गेम, 2016 चा. शाळकरी मुलगा तोक्योत राहायला येतो. शाळेला जायला शिबुयाला गाडी बदलावी लागते. शाळेच्या सुरुवातीलाच त्या स्टेशनात तुम्हाला स्वतः फिरून दुसऱ्या लाइनचा फलाट शोधावा लागतो. पाट्या, जिने, गर्दी, चुकणं. एकदाच. दुसऱ्या दिवसापासून गेम तो भाग आपोआप उरकतो, कारण आता तुम्ही नवखे राहिला नाहीत.

पण पुढे एक गंमत ठेवलीय. रोज सकाळी गाडीत उभं राहूनच जायचं. कधीतरी, तुमच्या हातात नसताना, बसायला जागा मिळते. जागा मिळाली की पुस्तक वाचता येतं. त्या गेममध्ये दिवसाचा वेळ मोजका असतो, पुस्तक वाचायचं तर संध्याकाळ खर्ची पडते. गाडीत जागा मिळाली तर तेच वाचन फुकटात. पहिल्यांदा जागा मिळाली तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या ओरडलो होतो. बायको आतून बघायला आली, काय झालं म्हणून. तिने चार वर्षं डोंबिवलीहून लोकलने नोकरी केलीय. तिला सांगितलं की गेममध्ये मला बसायला जागा मिळाली. ती हसली नाही. "विंडो का?" म्हणाली.

हा सगळा प्रकार स्क्रीनवर काही सेकंदांचा आहे. मिनिटं शून्य, वास्तव पुरेपूर, मजा पुरेपूर. कुठाय तो तराजू?

माझ्या रविवारच्या खेळाचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, कारण मीही आधी दोन्ही चुका केल्यात. आमचा खेळ एका काल्पनिक गावात चालतो, कोयनेच्या बाजूचं समजा. सुरुवातीला मी थांब्यावर दर दहा मिनिटाला फासा टाकायला लावायचो, सहा पडला की गाडी आली. तिसऱ्या रविवारी दोन पोरं क्रिकेटला निघून गेली. मग मी घाबरून "पोचलात तालुक्याला" म्हणायला लागलो. आता पोरं टिकली, पण खेळ मिळमिळीत झाला. गाव आणि तालुका शेजारच्या खोल्यांसारखे वाटायला लागले. कोणी विचारच करेना की आज जायचं की उद्या, कोणी जायचं, सोबत काय न्यायचं.

मग एक कागद घेतला आणि वेळापत्रक लिहिलं. सकाळी साडेसहा, दुपारी एक, आणि संध्याकाळची तालुक्याहून येणारी मुक्कामी गाडी, जी रात्री गावातच थांबते आणि सकाळची साडेसहाची होते. बस्स. वाट बघणं नाही. गाडीमागे एकच फासा: एक पडला तर फेरी रद्द, दोन पडला तर उशीर, आणि उशीर झाला तर थांब्यावर एक प्रसंग, एकच. नियम एवढाच.

तुम्हाला सांगतो, त्या कागदाने खेळ पलटला. मुक्कामी गाडी चुकली तर रात्र तालुक्याला काढावी लागणार, म्हणून पोरं तहसीलमध्ये घड्याळ बघत बोलायला लागली. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच असतात हे लक्षात आल्यावर एकीने त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि तालुक्याच्या बातम्या काढून घेतल्या. मला हे सुचलं नव्हतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची युक्ती त्यांचीच. त्यावर फासा कसा टाकायचा, आणि दुसऱ्याचा रुमाल आधीच असेल तर जागा कुणाची, यावर अर्धा तास भांडण. त्या अर्ध्या तासात गाडी हललीसुद्धा नव्हती आणि एकही जण कंटाळला नव्हता.

मग भाडं आणलं. खरं भाडं, खऱ्या सवलती. 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पैसे मोजावे लागायला लागल्यावर आमच्यातल्या एका सातवीतल्या पोराने आपलं तलवारबाज पात्र रद्द करून शहात्तर वर्षांची आजी घेतली. आजी फुकटात रोज तालुक्याला जाते, स्टँडवर बसून सगळ्यांचं बोलणं ऐकते, संध्याकाळी मुक्कामीने परत. आमच्या टोळीतली सगळ्यात उपयोगी पात्र ती आहे. सरकारी योजनेची घडीपत्रिका शंभरदा वाचली असती तरी त्या पोराला कळलं नसतं की भाडं बदललं की घराबाहेर कोण पडतं तेही बदलतं. त्याला ते जिंकायच्या नादात कळलं.

एक आक्षेप मला दर वेळी ऐकवला जातो आणि तो खोटा नाही: ऑफिसमधून दमून आलेल्या माणसाला तासभरच खेळायचं असतं, त्याला का छळता? अगदी मान्य. त्याची मिनिटं घेऊच नका. त्याच्या पात्राची घ्या. पात्राचा दिवस जाऊ दे, पैसे जाऊ देत, रात्र स्टँडवर जाऊ दे. पडदा काळा करायला एक सेकंद लागतो. मॉरोविंडने हे 2002 मध्ये करून दाखवलंय, तेव्हा "तंत्रज्ञानात बसत नाही" वगैरे मला सांगू नका.

आता त्या कॉलेजातलं राहिलेलं सांगतो. पहिल्या गटात चौघं होती, तीन मुलं आणि एक मुलगी. आमचा वाद ऐन रंगात असताना ती मुलगी दाराजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, मी निघू का? सव्वापाचची माझी शेवटची आहे." प्राध्यापक म्हणाले, सहाला निकाल आहे, थांब की. ती म्हणाली, "नंतर मग गाडीच नाही सर." पिशवी घेऊन गेली. तिच्या गटातल्या पोराला विचारलं, ही काय करते तुमच्यात? म्हणाला, "स्टँड तिनंच काढलाय सर. तो पंखा, म्हातारा, सगळं."

पंख्याचा आवाजसुद्धा तिनेच मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला होता म्हणे. शेवटची गाडी मात्र गेममध्ये नव्हती. मी त्या तिघांना विचारलं, गेम ठरवताना ती काही बोलली नव्हती का? एकाने सांगितलं, बोलली होती, शेवटच्या गाडीचं काहीतरी ठेवू म्हणाली होती, पण आम्हाला वाटलं बोअर होईल. तिघंही टू-व्हीलरवर येतात.

मी त्यांना चित्रांसाठी पैकीच्या पैकी दिले आणि खेळासाठी कमी. त्यावरून आता "सरांनी मुद्दाम पाडलं" असं फिरतंय. फिरू दे. त्यांना मी लेखी कळवलंय की गेम टाकू नका, फक्त वेळापत्रक घाला, आणि ते तिलाच लिहू द्या. तहसीलच्या खिडकीसमोर रांगेत उभं असताना सव्वापाच वाजत आलेत, पुढे दोन माणसं आहेत, हातात कागद आहे. थांबायचं की पळायचं? एवढा एक प्रसंग नीट जमला तर मी स्वतः तो गेम विकत घेईन.

दुसऱ्या गटालाही तेच सांगितलं, चाळीसची चार करा आणि त्या चारात कोणीतरी बोलायला ठेवा.

निकाल सहाला लागला. पहिल्या गटाला दुसरा नंबर मिळाला. तिचं प्रमाणपत्र एका पोराने घेतलं, सोमवारी देतो म्हणाला. पुढच्या वर्षी कार्यक्रम साडेचारला संपवा असं मी कॉलेजला कळवलं आहे. "बघू" असं उत्तर आलंय.